तीस लाखांचा संघ

आज दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. २०११ साली आपल्याकडे जनगणना झाली. तेव्हा मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या भरली सुमारे ३० लाख ८५ हजार. उपनगरं यात धरायची नाहीत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा हा जिल्हा. गिरगाव, लालबाग, परळ, दादर आणि मी राहतो ते अँटॉप हिल, सगळं यात आलं. त्याच वर्षी युरोपातल्या लिथुआनिया या देशातही शिरगणती झाली. तिथला आकडा निघाला सुमारे ३० लाख ४३ हजार. म्हणजे अख्ख्या देशाची माणसं आपल्या एका जिल्ह्यापेक्षा थोडी कमीच. आता तर ती आणखी घटली आहेत. क्षेत्रफळ मात्र साधारण मराठवाड्याएवढं.

बाल्टिक समुद्राच्या काठी, पोलंड आणि लाटव्हियाच्या मध्ये हा देश आहे. आपल्याला तो परका वाटतो, पण त्याची भाषा संस्कृतच्या लांबच्या नात्यातली. आपल्या अग्नीला तिथे ‘उग्निस’ म्हणतात, देवाला ‘दिएवास’. एवढ्याशा या देशाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १९९२, १९९६ आणि २००० अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवलं. युरोपचं अजिंक्यपद तीनदा जिंकलं. ज्या अमेरिकेत हा खेळ जन्मला, त्या अमेरिकेलाही त्याने ऑलिंपिकमध्ये आणि विश्वचषकात हरवून दाखवलं.

मी आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. शिट्टी, कवायत आणि मैदान यातच उमेद गेली. त्यामुळे हा प्रश्न मला कायम छळत आला आहे. तीस लाख माणसं तिथेही आहेत, तीस लाख इथेही आहेत. आईबापांचं मुलांवर प्रेम तिथे आहे तसंच इथेही आहे. मग तिथे असं काय आहे?

पहिलं उत्तर खेळातच आहे. बास्केटबॉल जन्मला तोच थंडीमुळे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, मुलं खोलीत कोंडलेली आणि कंटाळून दंगा करणारी. त्यांना गुंतवायला नेस्मिथनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही बाजूंना फळांच्या टोपल्या ठोकल्या. तो सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच असते. लिथुआनियात हिवाळा लांब आणि कडक. फुटबॉलचं मैदान कित्येक महिने बर्फाखाली. छपराखाली खेळता येणारा खेळ तिथे रुजणं साहजिकच होतं.

शिवाय हा खेळ जागा आणि माणसं दोन्हींच्या बाबतीत काटकसरी आहे. मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. एका वेळी मैदानात पाच जण, संघात बारा. फुटबॉलला चांगले अकरा लागतात, क्रिकेटलाही अकरा. बारा उत्तम खेळाडू तीस लाखांतून निघू शकतात. फक्त त्या तीस लाखांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लहानपणी एकदा तरी चेंडू पडला पाहिजे. लिथुआनियात तो पडतो, आपल्याकडे पडत नाही. पुढचं सगळं यातूनच येतं.

तो चेंडू तिथे कसा पोहोचला, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ लिथुआनियन कुटुंबं पोट भरायला अमेरिकेत गेली होती. त्यातलाच एक मुलगा स्तेपोनास दारियुस. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात लढला. मग मायदेश स्वतंत्र झाल्याचं कळल्यावर परत आला आणि वैमानिक झाला. येताना बास्केटबॉल घेऊन आला. १९२२ साली कौनास शहरात या खेळाचे पहिले सामने झाले. हाच दारियुस १९३३ मध्ये एका साथीदाराबरोबर छोट्या विमानातून न्यूयॉर्कहून कौनासला निघाला. अटलांटिक महासागर त्याने पार केला, पण कौनास साडेसहाशे किलोमीटरवर असताना विमान कोसळून दोघंही गेले. त्यांची चित्रं पुढे देशाच्या नोटेवर आली.

अमेरिकेत वाढलेली आणखीही लिथुआनियन मुलं आली. १९३७ मध्ये रिगा इथे लिथुआनियाने युरोपचं अजिंक्यपद पटकावलं, तेव्हा सगळा देश चकित झाला. विजेत्याने पुढची स्पर्धा भरवायची, असं ठरलेलं. म्हणून कौनासमध्ये १९३९ साली खास बास्केटबॉलसाठी एक मोठं सभागृह उभारलं गेलं. केवळ या खेळासाठी बांधलेलं ते युरोपातलं पहिलं क्रीडागृह मानतात. तिथे शेजारच्या लाटव्हियाशी सामना झाला आणि लिथुआनियाने तो एका गुणाने, ३७-३६ असा जिंकला. संघात प्रानास लुबिनास होता. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हा उंचापुरा खेळाडू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विजेत्या संघात होता. आईबापांच्या देशासाठी तो तिकडे जाऊन खेळला.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, सोव्हिएत सैन्य आलं आणि लिथुआनिया नकाशावरून पुसला गेला. मग जर्मन आले, मग पुन्हा सोव्हिएत. पन्नास वर्षं त्या देशाला स्वतःचा झेंडा नव्हता, स्वतःचं राष्ट्रगीत उघडपणे म्हणता येत नव्हतं, स्वतःचा राष्ट्रीय संघ तर नव्हताच. ते सभागृह मात्र उभं होतं. क्लब होते. आणि त्यातला एक क्लब म्हणजे कौनासचा ‘झाल्गिरिस’.

हे नाव १४१० साली झालेल्या एका लढाईचं. त्या लढाईत लिथुआनिया आणि पोलंडच्या फौजांनी जर्मन सरदारांच्या बलाढ्य सेनेला धूळ चारली होती. आपल्याकडे एखाद्या मंडळाने ‘प्रतापगड’ नाव घ्यावं, तसंच हे. सोव्हिएत लीगमध्ये या क्लबची गाठ पडायची मॉस्कोच्या लष्करी संघाशी. १९८५, ८६ आणि ८७ अशी लागोपाठ तीन वर्षं झाल्गिरिसने लीग जिंकली. सभागृहात त्या संध्याकाळी केवळ खेळ चाललेला नसे, हे वेगळं सांगायला नको. जे रस्त्यावर बोलता येत नव्हतं, ते लोक तिथे ओरडून बोलत होते.

या क्लबचा आधार होता आर्विडास साबोनिस. उंची सात फूट तीन इंच. एवढी उंची असलेला माणूस सहसा रिंगखाली खांबासारखा उभा राहतो, मिळालेला चेंडू आत टाकतो. साबोनिस तसा नव्हता. तो पाठीमागून पास द्यायचा, लांबून नेम धरायचा, सगळं मैदान त्याला दिसायचं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ असं हरवलं आणि पुढे सुवर्णपदक जिंकलं. जगाने ते पदक रशियाचं म्हणून पाहिलं. प्रत्यक्षात संघाचे मुख्य आधार चार जण होते: साबोनिस, शरूनास मार्चुल्योनिस, रिमास कुर्तिनायटिस आणि वाल्डेमारास होमिचुस. चौघंही लिथुआनियाचे. छातीवर मात्र नाव दुसऱ्याचं.

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी १९९१ मध्ये विल्नियसच्या टीव्ही मनोऱ्यापाशी निःशस्त्र नागरिक रणगाड्यांपुढे उभे राहिले. चौदा जणांचे प्राण गेले. या घटनेनंतर अवघ्या दीड वर्षात बार्सिलोना ऑलिंपिक होतं. खेळाडू होते, पण संघाला पाठवायला पैसे नव्हते. मार्चुल्योनिस तेव्हा अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल खेळत होता. त्याने मदत गोळा करायला सुरुवात केली. सान फ्रान्सिस्कोच्या ‘ग्रेटफुल डेड’ या संगीतवृंदाला ही हकीकत कळली. त्यांनी मदत केलीच, शिवाय पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांचे टी-शर्ट करून दिले. आपल्या बांधणीच्या कापडासारखे रंगलेले, झगझगीत.

बार्सिलोनात अमेरिकेने प्रथमच आपले नामवंत व्यावसायिक खेळाडू उतरवले होते. त्या ‘ड्रीम टीम’ने उपांत्य सामन्यात लिथुआनियाचा १२७-७६ असा धुव्वा उडवला. राहिला ब्राँझपदकाचा सामना. आणि समोर कोण? तर मोडलेल्या सोव्हिएत संघराज्यातल्या उरलेल्या प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ. कालचे सहकारी आजचे प्रतिस्पर्धी. सोलला त्यांच्याबरोबर खेळलेले ते चौघं आता स्वतःच्या देशाच्या नावाने खेळत होते. लिथुआनियाने सामना ८२-७८ असा जिंकला आणि पदक घ्यायला खेळाडू ते बांधणीचे रंगीत टी-शर्ट घालूनच व्यासपीठावर गेले. सोन्याचं पदक मिळालं होतं ते दुसऱ्याच्या झेंड्याखाली. ब्राँझ मिळालं ते स्वतःच्या. यातलं कोणतं मोठं, हे तिथल्या माणसाला विचारावं लागत नाही.

पण श्रोतेहो, देशप्रेमाने सामने जिंकता येत नाहीत. तसं असतं तर आपण सगळेच खेळ जिंकलो असतो. लिथुआनियाच्या खेळाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिलं की दिसतं ते वेगळंच. त्यांचा चेंडू जमिनीवर कमी आपटतो आणि हातांतून जास्त फिरतो. एकट्याने चेंडू घेऊन घुसणारा खेळाडू त्यांच्याकडे क्वचित. एक जण सहकाऱ्याच्या बचावपटूसमोर आड उभा राहतो, याला ‘स्क्रीन’ म्हणतात. तेवढ्या अडथळ्यात सहकारी मोकळा होतो, त्याला पास मिळतो, बचाव त्याच्याकडे धावतो, तोवर चेंडू तिसऱ्याकडे गेलेला असतो. ज्याला सर्वांत मोकळी जागा मिळाली, तो नेम धरतो. मग तो कोणीही असो.

कबड्डी पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. कोपरारक्षक आणि त्याचा जोडीदार हात धरून साखळी करतात, तेव्हा दोघांपैकी कोणी एकटा चढाईपटूला रोखत नसतो. ती समजूत दोघांची असते आणि ती एका शिबिरात येत नाही. वर्षानुवर्षं एकाच मैदानात, एकाच पद्धतीने खेळल्यावर येते. लिथुआनियातली मुलं शाळेत, गावच्या क्लबात एकाच पद्धतीचा खेळ शिकतात. मोठी झाल्यावर कोणी स्पेनमध्ये खेळतो, कोणी अमेरिकेत. उन्हाळ्यात राष्ट्रीय संघ एकत्र येतो तेव्हा त्यांना एकमेकांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

सिडनीत २००० साली याचीच चुणूक दिसली. उपांत्य सामन्यात अमेरिका ८५, लिथुआनिया ८३. शेवटच्या क्षणी शरूनास यासिकेविचुसने लांबून टाकलेला चेंडू रिंगपर्यंत पोहोचला नाही. चार वर्षांनी अथेन्समध्ये त्याच यासिकेविचुसने २८ गुण केले आणि लिथुआनियाने अमेरिकेला ९४-९० असं हरवलं. मनिलामध्ये २०२३ च्या विश्वचषकात पुन्हा ११०-१०४.

याचा अर्थ ते नेहमी जिंकतात असा नाही. मनिलात अमेरिकेला हरवल्यावर पुढच्याच फेरीत सर्बियाने त्यांना बाहेर काढलं. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकची पात्रता त्यांना मिळाली नाही. टोकियोची संधी तर २०२१ मध्ये कौनासमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर हुकली आणि ती हिरावली स्लोव्हेनियाने. स्लोव्हेनियाची लोकसंख्या जेमतेम एकवीस लाख! लहान देशाचं हे असं असतं. एक पिढी थोडी उणी पडली की पंधरा वर्षं रिकामी जातात. तरी सभागृहं ओस पडत नाहीत. पुढचा साबोनिस त्याच गर्दीत कुठेतरी बापाच्या खांद्यावर बसलेला असतो.

आता आपल्याकडे वळू. आपला पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८० मध्ये मॉस्कोला. पुष्कळ देशांनी बहिष्कार टाकला होता म्हणून संधी मिळाली. आपण सगळे सामने हरलो, बारा संघांत बारावे आलो. त्यातला एक सामना सोव्हिएत संघाशी होता आणि त्या संघातही सर्गेयस योवायशा हा लिथुआनियन खेळाडू होता.

म्हणून मुंबईला हे जमतच नाही, असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. या शहराने एकदा नव्हे, दोनदा ते करून दाखवलं आहे. पहिलं उदाहरण गिरणगावचं. लालबाग-परळच्या चाळींतून कबड्डीचे खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या निघाले. त्यांना कोणी शोधून आणलं नव्हतं. चाळीपुढे लाल मातीचं मैदान होतं, गल्लीचं मंडळ होतं, पाळी संपवून आलेला जुना खेळाडू मुलांना पकड शिकवत होता आणि सामन्याला सगळी चाळ गॅलरीत उभी राहत होती. चांगला खेळला तर गिरणीत, रेल्वेत नोकरी मिळण्याची आशा होती. कौनासमध्ये याहून वेगळं काय आहे?

दुसरं उदाहरण नागपाड्याचं, आणि ते थेट बास्केटबॉलचं. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे समाजकेंद्र काढलं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये याच वास्तूत सुरू झाली. दारियुसने कौनासला चेंडू नेला, साधारण त्याच काळात अमेरिकेतलाच चेंडू नागपाड्यातही आला. दाट वस्ती, लहान घरं, गरीब मुलं. पण मैदान घराच्या दारात होतं, दिवे होते आणि ‘बच्चू खान’ या नावाने सारी वस्ती ओळखायची असे मुस्तफा खान मुलांना शिकवायला उभे असायचे. या एवढ्याशा मोहल्ल्यातून भारतीय संघाला एकामागून एक खेळाडू मिळाले. अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आमच्या बाजूलाही, माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यात, संध्याकाळी बास्केटबॉलचा सामना असला की पाहायला माणसं जमतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

म्हणजे बियाणं चांगलं आहे, मातीही चांगली आहे. फरक एवढाच, की लिथुआनियात प्रत्येक गाव नागपाडा आहे आणि आपल्याकडे नागपाडा एकच.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये अमेरिकेतल्या एनबीएचे दोन संघ खेळले, इंडियाना आणि सॅक्रामेंटो. भारतातला हा पहिलाच असा सामना. प्रेक्षागार शाळकरी मुलांनी भरलं होतं, जवळजवळ तीन हजार. सामना जादा वेळेत गेला आणि इंडियानाने तो १३२-१३१ असा जिंकला. इंडियानाच्या संघात एक उंच गोरा तरुण होता, डोमांटास साबोनिस. आर्विडासचा मुलगा. बापासारखाच पास देणारा, लिथुआनियाच्या राष्ट्रीय संघातला. २०२२ मध्ये तो सॅक्रामेंटोकडे गेला. लिथुआनियाचा खेळ अशा रीतीने आपल्या जिल्ह्यात येऊन गेला. पाहणारी मुलं होती. त्यातल्या कितीजणांना दुसऱ्या दिवशी घराजवळ रिंग सापडली असेल, हा खरा प्रश्न.

आमच्या अँटॉप हिलमध्ये सरकारी वसाहतीच्या इमारतींमध्ये अजून थोडी मोकळी जागा आहे. एके ठिकाणी बास्केटबॉलचा खांब उभा आहे. त्याची फळी कुजली आणि गळाली, रिंग वाकली. खाली आता मोटारी लागतात. तक्रार करावी तर मोटारी आमच्याच शेजाऱ्यांच्या. त्यांनाही जागा हवीच. जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याच्या चर्चा मुंबईभर चालू असतात, तेव्हा आराखड्यात वाहनतळाचे मजले आधी मोजले जातात. मैदान उरलं तर दाखवतात.

लिथुआनियाने राष्ट्रीय संघ उभा करण्यासाठी काही अद्भुत केलेलं नाही. १९३९ मध्ये एक सभागृह बांधलं आणि ते मोडू दिलं नाही. राज्यं बदलली, झेंडे बदलले, तरी संध्याकाळी मुलं तिथे जात राहिली. म्हणून देश परत मिळाला तेव्हा संघ तयार होता. अर्ध्या मैदानाला १५ गुणिले १४ मीटर जागा पुरते. म्हणजे पंधरा-सोळा मोटारी उभ्या राहतील तेवढीच जागा. एक खांब, एक फळी, एक रिंग, वर एक दिवा आणि आठवड्यातून चार संध्याकाळी शिट्टी घेऊन उभं राहणारं एक वडीलधारं माणूस. आपल्या सोसायटीची, वसाहतीची पुढची सभा भरेल तेव्हा आराखड्याचा कागद मागून घ्या आणि त्यावर ही जागा कुठे आहे, एवढंच विचारा. शिट्टी वाजवायला निवृत्त शिक्षक प्रत्येक वसाहतीत एखादा तरी सापडतोच.